एका शब्दाचा माणूस

पॅरिस शहराच्या दक्षिण सीमेलगत बिसेत्र नावाचे एक जुने रुग्णालय आहे. आज ते इतर मोठ्या रुग्णालयांसारखेच एक आहे. परंतु दोनशे वर्षांपूर्वी बिसेत्र म्हणजे निराधार वृद्ध, वेडे, अपस्मारी आणि कैदी या सर्वांना एकत्र कोंबण्याची जागा होती. गिलोटिनचे पाते माणसाच्या मानेवर नीट चालते की नाही, याची चाचणी १७९२ साली येथेच प्रेतांवर घेण्यात आली आणि त्यानंतर पाचच वर्षांनी येथील वेड्यांच्या पायांतले साखळदंडही काढण्यात आले. या वास्तूत १८४० साली तिशीचा एक कारागीर दाखल झाला. जोडे शिवण्यासाठी लागणारी लाकडी कलबुते तयार करणे हा त्याचा व्यवसाय. लहानपणापासून त्याला फेफरे येत असे, तरी तो आपले पोट भरत होता. मात्र दोन-तीन महिन्यांपूर्वी त्याची वाचा गेली होती. काहीही विचारले तरी तो एकच अक्षर दोनदा उच्चारी : ‘तां, तां.’ रुग्णालयात त्याचे तेच नाव पडले.

या माणसाची हकीकत सांगण्यापूर्वी आमच्या घरातील एक गोष्ट वाचकांपुढे ठेवली पाहिजे. कारण तिच्याशिवाय आम्ही या इतिहासाकडे वळलोच नसतो. १९८९ च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या काकांना पहाटेच्या वेळी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि ज्या माणसाच्या बोलण्याने गावातले निम्मे तंटे मिटत असत त्या माणसाच्या तोंडी ‘काल’ एवढाच शब्द उरला. पाणी हवे असले तरी ‘काल’, कोणी भेटायला आले तरी ‘काल, काल’. त्यांच्या नावावरील जमिनीच्या एका तुकड्याचा व्यवहार अर्धवट राहिला होता. काकांना खुर्चीत बसवून आम्ही एका सरकारी कचेरीत नेले. समोरच्या अधिकाऱ्याने नाव विचारले; काका म्हणाले, ‘काल’. वय विचारले; पुन्हा तेच. लेखणी डाव्या हातात देऊन पाहिली, तर रेघोट्यांपलीकडे काही उमटेना. अधिकाऱ्याने, उद्धटपणे नव्हे, अगदी सहानुभूतीने, कागदावर शेरा मारला की इसमाची बुद्धी ठिकाणावर नाही. आम्ही वाद घातला नाही. खरे सांगायचे तर आम्हांलाही तसेच वाटू लागले होते. आणि तरीही रोज संध्याकाळी घरात जपमाळ सुरू झाली की ‘नमो मारिया’च्या ओघात काकांचे शब्द आमच्या शब्दांत मिसळत. प्रार्थना संपताच पुन्हा ‘काल’. शेजारच्या वृद्धा यास चमत्कार म्हणत. काकांचे डोळे मात्र काही निराळेच सांगत असत, हे आज लिहिताना जाणवते.

वाचा गेली म्हणजे बुद्धी गेली काय, हा प्रश्न जुना आहे. आणि त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे : मेंदूची निरनिराळी कामे निरनिराळ्या ठिकाणी चालतात काय? एखाद्या घरात स्वयंपाकघर, माजघर आणि पडवी वेगळी असावी तशी मेंदूत बोलण्याची, पाहण्याची, चालण्याची जागा वेगळी आहे, की सबंध मेंदू सबंधच काम करतो? सतराव्या शतकापर्यंत या बाबतीत जे बोलले जाई ते बहुतेक तर्काच्या भरवशावर. देकार्त याने मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका इवल्याशा ग्रंथीत आत्म्याचे आसन कल्पिले आणि ती ग्रंथी इकडेतिकडे कलून शरीराला चालवते, असे सुंदर यंत्र कागदावर रचले.

हे यंत्र मोडण्याचे काम डेन्मार्कच्या एका तरुणाने केले. निल्स स्टेन्सन, ज्यास युरोपात स्टेनो म्हणून ओळखतात, याने पॅरिसमध्ये मेल्किसेदेक थेवनो या विद्याप्रेमी गृहस्थाच्या घरी १६६५ साली मेंदूच्या रचनेवर व्याख्यान दिले. ते १६६९ मध्ये छापले गेले. व्याख्यानाचा आरंभच त्याने अशा कबुलीने केला की मेंदूविषयी आपणांस काहीही ठाऊक नाही. विद्वानांच्या सभेत असे म्हणण्यास धैर्य लागते. देकार्तची ग्रंथी त्याने सांगितल्याप्रमाणे हलू शकत नाही, हे त्याने शवविच्छेदनाच्या आधारे दाखविले. आणि पुढील संशोधकांना एक मार्ग सांगितला : मेंदूतील पांढऱ्या तंतूंचा माग काढत जा, ते कोठून निघतात व कोठे पोचतात ते पाहा. हाच स्टेन्सन पुढे १६६७ मध्ये कॅथलिक झाला, १६७७ मध्ये बिशप झाला आणि १६८६ मध्ये जर्मनीत अत्यंत गरिबीत मरण पावला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला १९८८ साली धन्यवादित घोषित केले. आमच्या वाचकांपैकी कित्येकांना भूगर्भशास्त्राचा एक जनक म्हणून तो परिचित असेल. तंतूंचा माग काढण्याचा त्याचा सल्ला मात्र खऱ्या अर्थाने अमलात यायला पुढे तीन शतके लागली.

मधल्या काळात एक विचित्र गृहस्थ या इतिहासात शिरले. फ्रान्झ योसेफ गाल हे व्हिएन्नाचे डॉक्टर. शाळेत असताना त्यांनी पाहिले होते की पाठांतरात पुढे असलेल्या मुलांचे डोळे बटबटीत असतात. तेवढ्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की शब्दांच्या स्मरणाचे स्थान डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागात असले पाहिजे; ते फुगले की डोळे बाहेर येतात. पुढे मत्सर, वात्सल्य, चौर्य, भक्ती अशा अनेक गुणांना त्यांनी मेंदूत जागा नेमून दिल्या, आणि त्या जागा कवटीवरच्या उंचवट्यांवरून बोटांनी चाचपता येतात असा दावा केला. सम्राटाने त्यांच्या व्याख्यानांवर बंदी घातली. तेव्हा ते फिरत फिरत १८०७ मध्ये पॅरिसला येऊन राहिले. त्याच पॅरिसमध्ये १८१३ पासून आमच्या गोव्यातील कांदोळी गावचे आबे फारिया हेही कृत्रिम निद्रेवर जाहीर व्याख्याने देत होते आणि निद्रेचे कारण कोणत्याही अदृश्य द्रवात नसून निद्रिस्ताच्याच मनात आहे, असे सांगत होते. दोघांचीही पॅरिसने भरपूर थट्टा केली. गाल यांच्या बाबतीत ती रास्तही होती. कवट्या चाचपणे हा पुढे जत्रेतला धंदा झाला. परंतु चुकीच्या पुराव्यावर उभी असलेली त्यांची मूळ कल्पना, म्हणजे मेंदूचा पृष्ठभाग एकजिनसी नसून त्याच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळी कामे आहेत, ही संपूर्णपणे चुकीची नव्हती. इतिहासात असे घडते.

गाल यांना खोटे ठरविण्याचे श्रेय फ्लुरां या शास्त्रज्ञाने घेतले. कबुतरांच्या मेंदूचे भाग कापून त्याने दाखविले की लहान मेंदू काढला तर पक्ष्याच्या हालचालींतील मेळ जातो, मेंदूच्या देठास धक्का लागला तर श्वास थांबतो. मात्र मोठ्या मेंदूचा कोणताही एक भाग काढला तर कोणतीही एक शक्ती नेमकी जात नाही, सर्वच शक्ती थोड्या थोड्या मंदावतात. पहिल्या दोन गोष्टी आजही खऱ्या आहेत. तिसरी गोष्ट कबुतरापुरती ठीक होती. पण कबुतर बोलत नाही. गाल यांच्या मताचे उरलेसुरले समर्थक असलेले डॉक्टर बुइयो यांनी १८२५ पासून आग्रह धरला होता की वाचेचे स्थान कपाळामागच्या खंडातच आहे. १८४८ मध्ये तर त्यांनी पैजच लावली : कपाळामागचे दोन्ही खंड बिघडूनही ज्याची वाचा शाबूत होती असा मेंदू कोणी आणून दाखविल्यास त्यास ५०० फ्रँक देऊ.

आता पुन्हा बिसेत्रकडे वळू. ‘तां’ तेथे एकवीस वर्षे राहिला. सुमारे दहा वर्षांनी त्याचा उजवा हात अशक्त होऊ लागला, मग उजवा पाय. शेवटची काही वर्षे त्याने अंथरुणातच काढली. त्याच्याविषयी रुग्णालयात फारसे कोणी चांगले बोलत नसे. तो स्वार्थी आहे, सूड उगवणारा आहे, शेजाऱ्यांच्या वस्तू चोरतो, असे सेवक सांगत. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही त्याच्याविषयी असे बोलणे सोपे असते, याची नोंद आम्ही येथे करून ठेवतो. तो फार रागावला म्हणजे त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक शिवी मात्र स्पष्ट बाहेर पडत असे.

१८६१ च्या एप्रिल महिन्यात त्याच्या लुळ्या पायात पू झाला आणि त्यास शस्त्रक्रिया विभागात हलविण्यात आले. तेथील शल्यविशारद पॉल ब्रोका तेव्हा सदतीस वर्षांच्या आतबाहेरचे होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी पॅरिसची मानवशास्त्र सभा स्थापिली होती आणि नेमक्या त्याच दिवसांत त्या सभेत मेंदूचे आकारमान व बुद्धी यांच्या संबंधावर मोठा वाद चालू होता. बुइयोंचे जावई ओबुर्तां यांनी ४ एप्रिल रोजी सभेस एक हकीकत सांगितली : एका माणसाने स्वतःवर गोळी झाडून घेतली, कपाळाचे हाड उडून मेंदू उघडा पडला, तो बोलत असताना मेंदूच्या पुढच्या भागावर चपट्या पात्याने हलकेच दाब दिला की शब्द मध्येच तुटे, दाब काढला की वाचा परत येई.

ब्रोकांनी ‘तां’ला तपासले. त्याचे ऐकणे नीट होते. किती वर्षे येथे आहेस, असे विचारता त्याने डाव्या हाताची पाच बोटे चार वेळा उघडली आणि शेवटी एक बोट वर केले : एकवीस. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा चालली आहे हे त्याच्या ध्यानात आले, आणि ब्रोकांच्या अंगावर ती शिवी आली! घड्याळ दाखविले तर त्यास वेळ कळत असे. काही प्रश्नांची उत्तरे त्याने चुकविलीही, आणि ब्रोकांनी तेही प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. त्यांनी ओबुर्तां यांना बोलावून हा रोगी दाखविला व मत विचारले. मग सहा दिवसांनी, १७ एप्रिल १८६१ रोजी, ‘तां’ वारला. दुसऱ्याच दिवशी त्याचा मेंदू सभेपुढे ठेवण्यात आला. डाव्या गोलार्धाच्या पुढच्या खंडात, तिसऱ्या घडीच्या मागील बाजूस, कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी होती.

त्याच वर्षी लेलाँ नावाचे चौऱ्याऐंशी वर्षांचे एक वृद्ध रोगी ब्रोकांकडे आले. त्यांच्यापाशी पाच शब्द उरले होते : होय, नाही, नेहमी, स्वतःचे मोडके नाव आणि ‘तीन’. कोणतीही संख्या सांगायची असली तरी ते ‘तीन’च म्हणत, पण त्याच वेळी बोटे बरोबर संख्येइतकी उघडत. तोंड चुकत होते. माणूस चुकत नव्हता. त्यांच्याही मेंदूत इजा त्याच जागी आढळली. पुढे आणखी रोगी जमत गेले. ब्रोकांनी हे सारे रोगी मांडले तेव्हा एक गोष्ट त्यांच्याही मनात बसेना : इजा जवळजवळ नेहमी डावीकडेच का? दोन्ही डोळे पाहतात, दोन्ही फुप्फुसे श्वास घेतात. मग मेंदूचे दोन अर्धभाग दिसायला सारखे असून कामात भिन्न कसे? १८६५ मध्ये त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले की आपण डाव्या गोलार्धाने बोलतो. येथे न्यायासाठी एक नाव घेतले पाहिजे. मार्क दाक्स नावाच्या फ्रान्सच्या दक्षिण भागातील एका साध्या डॉक्टरने चाळिसांहून अधिक रोग्यांवरून हाच निष्कर्ष १८३६ मध्ये काढला होता. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या मुलाने तो निबंध १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. शोधाचे श्रेय मात्र राजधानीत राहणाऱ्याच्या पदरी पडले.

ब्रोकांविषयी आमचा आदर मोठा आहे, पण तो निर्भेळ नाही. ज्या काट्याने त्यांनी मेंदू तोलले त्याच काट्याने त्यांनी स्त्रिया आणि युरोपबाहेरील लोक यांची बुद्धीही तोलली आणि हलकी ठरविली. त्यांचे शिष्य तोपिनार यांची नाकाची मापे वापरून १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिझले यांनी आपल्या देशातील जातींची उतरंड लावली, हा त्या काट्याचाच पुढचा प्रवास होय. एका मुक्या कारागिराची बुद्धी ओळखण्याइतका सहृदय माणूस आपल्याच फुटपट्टीपुढे असा आंधळा व्हावा, याचे आश्चर्य वाटते.

यानंतर पुढच्या पन्नास वर्षांत मेंदूचा नकाशा झपाट्याने भरत गेला. जर्मनीत फ्रिच आणि हिट्झिग यांनी १८७० मध्ये कुत्र्याच्या उघड्या मेंदूस विजेचा सौम्य स्पर्श करून विरुद्ध बाजूचे पाय हलवून दाखविले. चार वर्षांनी सव्वीस वर्षांच्या कार्ल वेर्निके यांनी ब्रोकांच्या उलट असणारे रोगी वर्णिले : ते ओघाने, भराभर बोलतात, पण त्या बोलण्यास अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना कळत नाही. त्यांची इजा कानाजवळच्या खंडात, मागच्या बाजूस असते. लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी अंगठ्यापासून सुरू होऊन हातावर, मग चेहऱ्यावर चढत जाणाऱ्या फेफऱ्याचा अभ्यास केला. त्यांच्या स्वतःच्या पत्नीलाच असे झटके येत असत. झटका ज्या क्रमाने अंगावर चढतो त्याच क्रमाने मेंदूत शरीराच्या अवयवांची स्थाने मांडलेली असावीत, हे त्यांनी ओळखले. कंपवाताचे मूळ मेंदूच्या देठातील काळसर पेशींच्या ऱ्हासात आहे, हे १९१९ मध्ये पॅरिसच्या एका प्रबंधातून पुढे आले. वृद्धापकाळी स्मृती गिळणाऱ्या ज्या विकाराने आज कित्येक कुटुंबे त्रस्त आहेत त्याचे वर्णन आल्झायमर यांनी १९०६ मध्ये केले.

अमेरिकेतील फिनियस गेजची गोष्ट अनेकांनी वाचली असेल. १८४८ मध्ये सुरुंगाची सव्वातेरा पौंडांची लोखंडी कांब त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली, तो जगला, पण पूर्वीचा मनमिळाऊ मुकादम उरला नाही. ती गोष्ट सांगताना तो पुढे बेताल भटक्या झाला असे रंगविण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्याने नंतर कित्येक वर्षे चिली देशात सहा घोड्यांच्या गाड्या हाकल्या. बेताल माणसाचे ते काम नव्हे. मेंदूच्या इजेनंतर माणूस पुष्कळ अंशी सावरू शकतो, हा त्या कथेतला भाग सांगणाऱ्यांनी गाळला. याहून करुण कथा हेन्री मोलेसन यांची. अपस्मार बरा व्हावा म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढण्यात आला, आणि त्या दिवसानंतर नवी आठवण त्यांच्या मनात टिकेना. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्यांना आरशात पाहून चांदणी गिरविण्यास शिकविले. रोज त्यांचा हात सुधारत गेला, आणि रोज ते म्हणत की हे काम आपण पूर्वी कधीच केलेले नाही. ओठांना, हातांना लागलेली सवय एका वाटेने जपली जाते आणि जाणिवेतली आठवण दुसऱ्या वाटेने, हे तेथे प्रथम स्पष्ट झाले.

हे वाचले तेव्हा आम्हांस काकांची जपमाळ आठवली. डाव्या गोलार्धाची इजा झालेल्या रोग्यांना नवे वाक्य जुळविता येत नाही. पण वर्षानुवर्षे घोळलेल्या प्रार्थना, गाणी, वार, अंक आणि शिव्या यांतील काही ना काही पुष्कळदा शाबूत राहते. ‘तां’ची शिवी आणि काकांची प्रार्थना एकाच वाटेने बाहेर पडत होती, हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु वस्तुस्थिती तशी आहे. म्हणजे ज्यावरून शेजाऱ्यांनी काकांना थोडी बुद्धी उरली आहे असे मानले, तो बुद्धीचा पुरावा नव्हताच. पुरावा निराळा होता व आम्ही तो पाहिला नाही. पोस्टमन दुसऱ्याचे पत्र घेऊन आला की ते मान हलवीत. भाताच्या पोत्यांची मोजणी चुकली की हातातली काठी आपटत. ‘काल’ या एका शब्दात त्यांनी किती निरनिराळे सूर भरले होते! आम्ही तो शब्द ऐकत राहिलो, सूर ऐकला नाही. बोटांनी उत्तर दे, असे त्यांना सांगण्याचे त्या कचेरीत कोणास सुचले नाही, आम्हांसही नाही.

त्या काळी फारसा उपायही नव्हता. १९९५ पासून हे ठाऊक आहे की अर्धांगवायू जर रक्तवाहिनीत गुठळी अडकून झाला असेल, तर पहिल्या तीन तासांत गुठळी विरघळविणारे औषध दिल्यास मेंदूचा काही भाग वाचविता येतो. पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. झटका रक्तस्रावाने आला असेल तर मात्र तेच औषध घातक ठरते. म्हणून तोंड वाकडे झाले, हात पडला, बोलणे अडखळले की घरगुती चोळण्यात वेळ न दवडता मेंदूचे चित्र काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात पोचावे लागते. काकांना आम्ही दुपारपर्यंत तेल लावीत बसलो होतो.

‘तां’च्या मेंदूचे ब्रोकांनी काप केले नाहीत, तो अखंड बरणीत ठेवला. त्यामुळे आमच्या काळात त्याची पुन्हा तपासणी करता आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चुंबकीय चित्रांत असे दिसले की इजा ब्रोकांनी बाहेरून पाहिली त्याहून पुष्कळ खोल होती आणि पुढील व मागील भागांस जोडणारे पांढरे तंतूही तिने तोडले होते. वाचेचे घर एका खोलीत नाही. खोल्यांना जोडणाऱ्या वाटाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. स्टेन्सनने थेवनोच्या घरात सांगितले होते ते हेच. ती बरणी ज्या द्युप्युत्रां संग्रहालयात होती ते २०१६ मध्ये बंद झाले आणि संग्रह पॅरिसच्याच विद्यापीठाकडे हलविण्यात आला.

दीडशे वर्षे वैद्यकाच्या ग्रंथांत हा माणूस केवळ आडनावाने, किंवा त्या एका अक्षराने वावरत राहिला. पोलंडमधील डोमान्स्की या अभ्यासकाने जुनी दफ्तरे धुंडाळून २०१३ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. लुई व्हिक्टर लेबोर्न हे त्याचे पूर्ण नाव. १८०९ च्या जुलैत मोरे या नदीकाठच्या गावी तो जन्मला. त्या गावी कातडी कमावण्यासाठी झाडांची साल दळणाऱ्या गिरण्या होत्या, आणि फ्रेंच भाषेत त्या दळलेल्या सालीस ‘तां’ असेच म्हणतात. त्याच्या तोंडी उरलेला शब्द बालपणीच्या गिरण्यांचा असावा, असा डोमान्स्की यांचा तर्क आहे. सिद्ध करण्यास मार्ग नाही. दफ्तरात त्याच्या वडिलांच्या व्यवसायाचीही नोंद सापडली. ते शाळेत शिक्षक होते.